विजेवरची वाट – भाग ७ : रत्नागिरीत प्लग कुठे हवा?

मागच्या भागात बॅटरीतल्या युनिटांचा हिशेब पाहिला. आज तोच हिशेब रत्नागिरीत मांडू.

कोल्हापूरहून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर. येताना आंबा घाट उतरणीचा, त्यामुळे गाडी थोडी वीज परत कमावते. जाताना तोच घाट चढायचा असतो. दीड टनाची गाडी सहाशे मीटर वर न्यायला जवळपास ३ युनिटं लागतात, म्हणजे सपाटीवरचे वीसेक किलोमीटर. मुंबई तर याच्या दुपटीहून लांब. म्हणून रत्नागिरीतून सकाळी निघणाऱ्या गाडीची बॅटरी भरलेलीच हवी.

ती भरायची कुठे? ‘फास्ट चार्जर बसवा’ हे उत्तर लगेच मिळतं. महामार्गावर, हातखंब्यासारख्या नाक्यावर, ते बरोबरच आहे. वाटसरूला तासाभरात पुढे जायचं असतं. शहरात आणि गणपतीपुळ्याला मात्र गाडी रात्रभर उभी असते. ३० किलोवॉटचा एक फास्ट चार्जर ३० युनिटांच्या बॅटरीला साधारण तासभर घेतो. रात्री दहा गाड्या आल्या, तर मध्यरात्री दर तासाला उठून गाडी हलवणार कोण? त्याच ३० किलोवॉट भारात १५ अँपिअरचे दहा सॉकेट चालतात. प्रत्येकी सुमारे ३ किलोवॉट, आणि सकाळपर्यंत दहाही गाड्या तयार. खर्चही कितीतरी कमी. माझं मत स्पष्ट आहे : गणपती आणि मे महिन्याच्या गर्दीत कोकणाला लॉजच्या आवारातले हे साधे सॉकेटच तारतील.

यात खरी मेख अर्थिंगची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. गाडीचा चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतो. ते नीट नसेल तर बहुतेक वेळा चार्जिंग सुरूच होत नाही. रत्नागिरी जांभ्यावर वसलेली. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीचा विद्युतरोध वाढतो. नेमक्या मे महिन्यात, पर्यटक आलेले असताना, टीव्ही-फ्रिज चालवणारा सॉकेट गाडीला नकार देतो. खड्डा खोल घ्यावा, कोळसा-मीठ भरावं, उन्हाळ्यात पाणी घालत राहावं आणि वर्षातून एकदा वायरमनकडून मोजून घ्यावं. खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात, त्याही पावसाळ्याआधी तपासाव्यात.

परवान्याची भीती नको. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज कायद्याखालचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. मंजूर वीजभार पुरेसा आहे का, एवढं महावितरणकडे विचारावं लागतं.

लॉज आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांना एवढीच विनंती : यंदाच्या हंगामाआधी एक सॉकेट पार्किंगपर्यंत न्या, त्याचं अर्थिंग मोजून घ्या आणि बुकिंग घेतानाच पाहुण्याला तसं सांगा.