सिव्हिलचा सर्जरी वॉर्ड चालतो कसा?

अणदुरात कुणाचं पोट अचानक दुखायला लागलं, हर्निया अडकला किंवा साखरेच्या रुग्णाचा पाय काळा पडला, की गाडी बहुतेक वेळा सोलापूरकडे निघते. हैदराबाद महामार्गाने पन्नासेक किलोमीटर, आणि मग ‘सिव्हिल’, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. त्याला जोडलेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 सालचं. धाराशिवलाही 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. अशा ठिकाणी उपचार आणि शिकवणी एकाच खाटेभोवती चालतात. हे आधी माहीत नसेल, तर निम्म्या गोष्टी विचित्र वाटतात.

पहिली पायरी केसपेपरची. येताना जुने कागद, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. आधार आणि रेशनकार्डही जवळ ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी ते लागतात, आणि योजनेचं काम पाहणारे आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतात. त्यांना भरती होतानाच भेटा. डिस्चार्जच्या दिवशी धावाधाव करून उपयोग नसतो, कारण नियोजित शस्त्रक्रियेला मंजुरी आधी लागते.

मग युनिट. सर्जरी विभाग काही तुकड्यांत वाटलेला असतो. प्रत्येक तुकडीचा ओपीडीचा वार वेगळा, ऑपरेशनचे वार वेगळे आणि तातडीचे रुग्ण घेण्याचा दिवसही वेगळा. आपण ज्या दिवशी तातडीने भरती होता, त्या दिवशीच्या युनिटचे आपण रुग्ण. पुढे तपासणीला यायचं ते त्याच युनिटच्या ओपीडीच्या वारी. खंडोबाचा मुक्काम अणदुरात कधी आणि नळदुर्गात कधी, हे अणदूरकराला सांगावं लागत नाही. युनिटचा वारही तसाच पाठ हवा. भलत्या वारी आलेल्या माणसाला हेलपाटा पडतो, एसटीचं भाडं वाया जातं, आणि राग निघतो तो खिडकीवरच्या माणसावर.

वॉर्डात सगळ्यांच्याच अंगात पांढरा कोट दिसतो, पण प्रत्येकाचं काम वेगळं. वही घेऊन घोळक्याने येतात ते एमबीबीएसचे विद्यार्थी. त्यांचा अभ्यास साडेचार वर्षांचा. नंतर वर्षभर इंटर्न म्हणून काम. रक्त काढणं, सलाईन लावणं, रिपोर्ट आणणं यांत इंटर्न दिसतील. रात्री दोन वाजता धावत येतो तो निवासी डॉक्टर. तो एमबीबीएस झालेला असतो आणि शस्त्रक्रियेची तीन वर्षांची एम.एस. पदवी करत असतो. त्यांतले तीन महिने त्याला जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. सर्वांत वर सहायक, सहयोगी प्राध्यापक आणि युनिटप्रमुख. वॉर्डाची नाडी मात्र सिस्टरांच्या हातात असते. औषध कधी, ड्रेसिंग कधी, ट्रॉली घेऊन मामा कधी येणार, हे त्यांनाच विचारा.

आता नातेवाइकांची नेहमीची तक्रार: ‘तेच तेच पाच जण विचारतात!’ विचारतात खरं. विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं की, रुग्णाच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, गार हात आधी चोळून ऊबदार करायचे, दुखरी जागा शेवटी चाचपायची, आणि पोट दाबताना नजर हातावर नाही, रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवायची. कपाळावर आठी कुठे पडते, त्यावरून दुखणं सापडतं. हे पुस्तकातून येत नाही. शिवाय तिसऱ्यांदा सांगताना आजीला एकदम आठवतं की, महिन्यापूर्वी काळी शौच झाली होती. तेवढ्यावरून तपासणीची दिशा बदलू शकते. दमला असाल तर ‘आता नको’ म्हणा, त्याने उपचार थांबत नाहीत. बाईमाणसाची तपासणी होताना सिस्टर किंवा घरची बाई जवळ हवी, असंही मोकळेपणाने सांगा.

ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञ तपासतात. याला वॉर्डात ‘फिटनेस’ म्हणतात. दमा, आधीचं ऑपरेशन, रक्त पातळ करणारी गोळी, तंबाखू, मिश्री, दारू, सगळं सांगा. सुनेसमोर लाज वाटत असेल तर तिला बाहेर पाठवा, पण लपवू नका.

सर्वाधिक घोटाळा होतो तो उपाशी राहण्यात. साधारण नियम असा की, भूल देण्याआधी अन्न आणि दूध सहा तास बंद, साधं पाणी दोन तास बंद. वॉर्डात याहून कडक वेळ सांगितली तर तीच पाळा. पोटात काही असेल तर भुलीत उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकतं. ‘घोटभर चहाने काय होतंय’ म्हणून सकाळी चहा पाजणारी मावशी प्रत्येक वॉर्डात असते. दुधाच्या त्या घोटाने ऑपरेशन युनिटच्या पुढच्या वारावर जातं. बीपी-साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं, ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.

संमतिपत्रावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा: काय काढणार किंवा दुरुस्त करणार, धोका काय, आणि नाही केलं तर काय होईल? थिएटरमध्ये पुन्हा नाव आणि डावी-उजवी बाजू विचारतात. रुग्णाला वाटतं, यांना माहीतच नाही की काय! ती जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली आणलेली सुरक्षा-यादी आहे. भुलीआधी, चिरा देण्याआधी आणि थिएटर सोडण्याआधी ती तपासायची असते.

‘शिकाऊ डॉक्टर तर कापणार नाही ना?’ प्रश्न रास्त आहे. निवासी डॉक्टर आधी ड्रेसिंग, टाके, मग मदतनीस, असं करत पुढे सरकतो. तो शस्त्रक्रिया करतो ती वरिष्ठांच्या देखरेखीखाली, आणि जबाबदारी युनिटची असते. कोण करणार, हे आपण थेट विचारू शकता.

पोटाच्या ऑपरेशननंतर राउंडला हमखास विचारतात, ‘वारा सरला का?’ पोरं खुदकन हसतात, म्हातारे मान फिरवतात. पण आतडी चालू झाल्याची ती खूण. खाणं वाढवताना डॉक्टर तीही बघतात. खोकताना पोटावर उशी धरा, सांगतील तेव्हा उठून चाला. ड्रेनची, म्हणजे आतलं पाणी बाहेर आणणाऱ्या नळीची, पिशवी स्वतः रिकामी करू नका. किती आणि कोणत्या रंगाचं आलं, याची नोंद व्हायची असते.

सुट्टी झाली की डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून ठेवा. टाके गावाकडे काढता येतील का, विचारा. अणदूर परिसरात डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवलं. त्यामुळे आजाराबद्दल गावातल्याच जाणत्या बाईला विचारण्याची सवय इथे नवी नाही. आशाताईंनाही कार्ड दाखवा. ताप आला, जखम लाल होऊन पू आला किंवा पोट फुगून उलट्या झाल्या, तर वाराची वाट न बघता परत निघा.

आणि एक कागद कायम मागे राहतो. काढलेली गाठ तपासायला पाठवली असेल, तर त्या बायोप्सीचा रिपोर्ट सुट्टीनंतर येतो. टाके सुकले, दुखणं थांबलं, की कुणी तो न्यायला फिरकत नाही. निघण्याआधी सिस्टरांना विचारा, ‘गाठ तपासायला गेली का, रिपोर्ट कधी आणि कुठे मिळेल?’ उत्तर कार्डाच्या मागेच लिहून घ्या.