तलावांतील मरळ आणि तिचें वर्ष

गळ घेऊन तलावाच्या कांठीं बसणारा मनुष्य आळशी समजला जातो. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांतील कारकुनी संपवून निवृत्ति पत्करल्यावर हा दोष आनंदानें पदरांत घेतला आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यांत माकणीचा निम्न तेरणा, परांड्याकडील सीना-कोळेगांव असे मोठे जलाशय असून लहान साठवण तलावही पुष्कळ आहेत. ज्यांचें शेत पाण्यास लागून आहे त्यांनीं मरळीचा वर्षक्रम जाणून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतु.

रोहू, कटला, मृगळ यांचें बीज तलावांत सोडण्यांत येतें. मरळीचें सहसा कोणी सोडीत नाहीं. ती आपला वंश आपणच चालविते. ती शिकारी जातीची असल्यामुळें कणकेच्या गोळीस भुलत नाहीं. तिला हालतें भक्ष्य लागतें. पूर्वीं गळास जिवंत बेडूक किंवा लहान मासळी लावीत. हल्लीं शेपूट हालवीत पोहणारा रबरी मासा बाजारांत मिळतो. तो दूर फेंकून सावकाश ओढीत आणला म्हणजे मरळ त्यावर झडप घालते. शेवाळ दाट असेल तेथें रबरी बेडूक बरा. त्याचे गळ अंगास लागून असल्यानें गवतांत अडकत नाहींत. अमेरिकेंत बास नांवाचा मासा याच रीतीनें धरितात.

हस्त-चित्रा सरून पाणी निवळलें म्हणजे कांठच्या लव्हाळ्यांत मरळ चांगली लागते. पौष-माघांत ती थंडीनें सुस्तावते; तेव्हां ऊन तापल्यावर जावें आणि रबरी मासा अगदीं हळू ओढावा. चैत्र-वैशाखांत पहांट व सायंकाळ या वेळा उत्तम. मरळीस हवा घेण्यास वर यावेंच लागतें. पाणी जेथें हाललें त्याच्या दोन हात पलीकडे आमिष टाकून तिच्या समोरून आणावें.

हवेवर श्वास घेण्याच्या या गुणामुळेंच ती दुष्काळांत तग धरते. सन २०१६ च्या एप्रिलांत मांजरा धरण कोरडें पडून शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें सर्वांस आठवत असेल. अशा वर्षीं डबक्यांत व ओल्या चिखलांत उरलेली मरळ हेंच पुढील सालचें बियाणें होय. परंतु लोक तोच चिखल उपसून शेवटची मरळही नेतात.

आतां पावसाळ्याविषयीं. येथें स्वतःची चूक सांगणें प्राप्त आहे. एका आर्द्रांत कांठच्या गवतापाशीं पाणी उकळी फुटल्यासारखें दिसलें. जवळ जाऊन पाहतों तों लालसर पिलांचा थवा हवा घेण्यास वर येत होता. मीं त्यावरून रबरी मासा ओढला. पहिल्याच खेपेस मोठी मरळ लागली. मोठ्या ऐटींत ती घरीं नेली. दुसऱ्या दिवशीं थवा विखुरला होता आणि कांठीं बगळे उभे होते. तिसऱ्या दिवशीं एकही पिलूं दिसलें नाहीं. मग एका वृद्ध मच्छीमारानें समजावलें कीं, ती मरळ भुकेनें आली नव्हती, पिलें राखण्यास आली होती.

नर-मादी गवत सारून घरटें करितात, अंडीं पाण्यावर तरंगतात, आणि पिलें स्वतंत्र होईपर्यंत राखण चालते. त्या काळांत मरळ धरण्यास कौशल्य लागतच नाहीं. बासचा नरही असाच घरट्यावर पहारा देतो. म्हणून कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत त्याच्या विणीच्या दिवसांत त्यास धरण्याची बंदी असते.

आपण निदान इतकें पाळावें: मृगापासून पावसाळा सरेपर्यंत लाल थव्यावर गळ टाकूं नये; चुकून राखणदार लागलीच तर तेथेंच सोडावी; आटत्या डबक्यांतील कांहीं मरळ राखावी; आणि तलाव ज्या संस्थेकडे ठेक्यानें असेल तिची अनुमति घ्यावी. सुरुंग व विष यांस तर सन १८९७ च्या कायद्यापासूनच मनाई आहे.

पीकपाहणी केल्यावांचून पैसेवारी ठरत नाहीं, हें आम्हीं कचेरींत शिकलों. गळ टाकण्यापूर्वीं पाण्याचीही तशीच पाहणी करावी. पेरणीचें बियाणें दळून खाणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. मग पिलांवरील मरळ नेणाऱ्यास काय म्हणावें?