फिगर स्केटिंग : पाय बाहेर वळविण्याचे कौशल्य आणि त्याच्या मर्यादा

पोलादी पात्याचे बूट घालून बर्फावर निरनिराळ्या चाली, उड्या व गिरक्या करून दाखविण्याच्या खेळास फिगर स्केटिंग असे म्हणतात. १९०८ साली लंडन येथील ऑलिम्पिक सामन्यांत या खेळाचा प्रथम समावेश झाला व १९२४ पासून तो हिवाळी ऑलिम्पिकचे एक प्रमुख अंग बनला. आपल्याकडे बेळगाव, वडोदरा, हैदराबाद, इंदूर यांसारख्या शहरांतील मुले हाच खेळ प्रायः चाकांच्या स्केटवर शिकतात. पृष्ठभाग निराळा असला तरी पुष्कळशा चाली त्याच आहेत, आणि त्यांसाठी शरीराकडून होणारी अपेक्षाही तीच आहे. त्यांपैकी ज्या चालींत पाय खुब्यापासून बाहेरच्या बाजूस वळवावा लागतो, त्या शिकताना मुलांची अकारण ओढाताण होते व प्रसंगी कायमची इजाही संभवते. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती शिक्षक व पालक यांना असणे अगत्याचे आहे.

चालींचे स्वरूप

या प्रकारातील पहिली चाल 'मोहॉक' ही होय. पुढे जाणारा खेळाडू एका पायावरून दुसऱ्या पायावर येतो व त्याच वेळी मागे सरकू लागतो. दुसरे पाऊल टेकताना ते बाहेर उघडून पहिल्याच्या जवळ ठेवावे लागते. नवशिक्याची खरी परीक्षा येथेच सुरू होते.

'स्प्रेड ईगल', म्हणजे पंख पसरलेला गरुड, ही चाल याहून अवघड आहे. तीत दोन्ही टाचा एकमेकींकडे व चवडे विरुद्ध दिशांना करून खेळाडू एकाच वक्ररेषेवर सरकत जातो. १९८८ साली कॅल्गरी येथे सुवर्णपदक मिळविणारे अमेरिकेचे ब्रायन बॉयटानो या चालीबद्दल विशेष प्रसिद्ध होते. 'इना बाउअर' या चालीला जर्मन खेळाडू इना बाउअर यांचे नाव मिळाले आहे. तीत पावले दोन समांतर रेषांवर असतात; पुढचा गुडघा वाकलेला आणि मागचा पाय सरळ असतो. २००६ साली तुरीन येथे जपानच्या शिझुका अराकावा यांनी पाठीची मागे कमान करून ही चाल केली व सुवर्णपदक पटकावले. त्यानंतर जपानमध्ये या चालीचे नाव घरोघरी पोहोचले.

सांध्याची रचना

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट उखळीत बसलेला असतो. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीचा पाय या सांध्यात सुमारे ४५ अंश बाहेर वळतो. स्प्रेड ईगलमध्ये तर प्रत्येक पावलाने जवळजवळ ९० अंश बाहेर वळावे अशी अपेक्षा असते. उरलेली तूट नडगीच्या हाडाचा नैसर्गिक पीळ व पाऊल यांतून काही अंशी भरून निघते. पूर्णपणे मात्र क्वचितच.

शिवाय ही मर्यादा प्रत्येकात सारखी नसते. मांडीच्या हाडाची मान किंचित पुढे पिळलेली असते. जन्मतः हा पीळ ३० ते ४० अंशांचा असून वाढीच्या वयात तो कमी होत होत प्रौढपणी सुमारे १५ अंशांवर येतो. ज्याचा पीळ अधिक राहतो, त्याचे पाय आत सहज वळतात, बाहेर कमी. ज्याचा कमी असतो, त्याचे पाय बाहेर सहज उघडतात. हाडाची ही घडण व्यायामाने बदलत नाही. व्यायामाने सुधारतात ते स्नायू. सबब दोन मुलांनी सारखीच मेहनत करूनही त्यांना सारखे फळ मिळाले नाही, तर तो आळसाचा पुरावा मानू नये.

कमरेतून वाकण्याचे कारण

स्प्रेड ईगल शिकणारे मूल बहुधा पुढे वाकते व त्याचा पार्श्वभाग मागे निघतो. यास निष्काळजीपणा समजले जाते. परंतु त्याचे कारण शरीररचनेत आहे. खुब्याच्या पुढील बाजूस एक अत्यंत बळकट अस्थिबंध आहे. माणूस ताठ उभा राहिला की तो ताणला जातो व पायाचे बाहेर वळणे रोखतो. कमरेतून वाकले की तो सैल पडतो. मूल नकळत ही पळवाट शोधते. इना बाउअरमध्ये पुढचा पाय वाकलेला असल्याने ही अडचण कमी होते. म्हणून ज्यांना पहिली चाल साधत नाही, अशा कित्येकांना दुसरी साधते.

दुसरी पळवाट अधिक घातक आहे. खुबा वळत नसता पाऊल जमिनीवर बळाने बाहेर फिरविले, तर सारा पीळ गुडघ्यावर पडतो. सरळ केलेला गुडघा वळण्यासाठी बनलेलाच नाही. त्यामुळे त्याच्या आतील बाजूचे अस्थिबंध व कूर्चा यांना इजा पोहोचते आणि तळपायाची कमानही आत कलते. गुडघ्याची वाटी पावलाच्या मधल्या बोटांच्या दिशेने राहिली पाहिजे, ही साधी कसोटी शिक्षकांनी सदैव लक्षात ठेवावी. भरतनाट्यमच्या अरमंडीलाही हीच कसोटी लागू पडते.

तपासणी व सराव

मुलास पालथे निजवून गुडघा काटकोनात वाकवावा व नडगी दुसऱ्या पायाच्या बाजूस हळूच कलू द्यावी. कंबर न उचलता ती जितकी कलेल, तितका पाय खुब्यात बाहेर वळतो असे समजावे. शेवटी हाड अडल्यासारखे कठीण वाटले, तर तेथे जोर करू नये. मऊ ताण जाणवला, तर सुधारणेस वाव आहे.

सरावापूर्वी दहा मिनिटे हलके धावून अंग गरम करावे. ताणाचे व्यायाम सरावानंतर करणे इष्ट. भद्रासनात टाचा जवळ घेऊन बसणे, तसेच पालथे राहून गुडघे दोन्ही बाजूंस पसरणे, हे व्यायाम उपयुक्त आहेत. प्रत्येक स्थिती सुमारे ३० सेकंद टिकवावी व तीन-चार वेळा करावी. गुडघ्यांवर कोणी उभे राहणे, पाठीवर बसणे वा हिसके देणे हे प्रकार सर्वथा वर्ज्य होत.

केवळ लवचिकता पुरेशी नाही. पाय बाहेर धरून ठेवण्याचे काम नितंबातील खोल स्नायू करतात. कुशीवर निजून, गुडघे वाकवून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उचलण्याच्या व्यायामाने त्यांस बळकटी येते. पुढे भिंतीच्या कठड्याला धरून, आणि नंतरच स्केटवर, असा क्रम ठेवावा. चाकांच्या स्केटवर शिरस्त्राण व मनगटाचे रक्षक अवश्य वापरावेत.

धोक्याच्या खुणा

स्नायूंचा सौम्य ताण व सांध्यातील वेदना यांत भेद आहे. जांघेत टोचणारी कळ, सांधा अडकणे किंवा रात्रीही राहणारे दुखणे असल्यास सराव थांबवावा. झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात हाडे स्नायूंच्या पुढे धावतात. त्या महिन्यांत ताण कमी करावा. वयात येणारे मूल लंगडू लागले, त्याचा एक पाय आपोआप बाहेर वळला किंवा कारणावाचून गुडघा दुखू लागला, तर विलंब न करता रुग्णालयात खुब्याची क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. या वयात मांडीच्या हाडाचा माथा जागेवरून सरकण्याचा विकार होतो. त्याची वेदना पुष्कळदा गुडघ्यात जाणवते व खरा दोष लपून राहतो. वेळीच उपचार झाल्यास सांधा वाचतो.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनेही कोवळ्या वयावरील भार ओळखून २०२२ साली वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर्षांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला व २०२४-२५ च्या हंगामापासून ती पूर्णतः अमलात आली. क्रीडाशिक्षकांनी वर्षारंभी प्रत्येक मुलाची वर दिलेली तपासणी करून तिची नोंद ठेवावी व त्यानुसारच चाली निवडाव्यात. ज्याचे पाय बाहेर उघडत नाहीत, त्याच्यासाठी या खेळात उड्या, गिरक्या व वेगाच्या अनेक चाली मोकळ्या आहेत.