घशाचा कर्करोग : विषाणू कोणता, धोका किती?

घशाचा कर्करोग म्हटला की तंबाखू, विडी आणि दारू आठवते. ते बरोबरच आहे. परंतु टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगाचे आणखी एक कारण आहे. ते म्हणजे एच.पी.व्ही. हा विषाणू. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोगही यानेच होतो.

विशेष म्हणजे विषाणूमुळे झालेली गाठ उपचारांना अधिक चांगली दाद देते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रोग बराच पुढे गेलेले असे ३२३ रुग्ण होते. किरणोपचार व औषधांनंतर तीन वर्षांनी विषाणू असलेल्यांपैकी शेकडा ८२ हयात होते. नसलेल्यांपैकी शेकडा ५७.

असे का व्हावे? तंबाखू वर्षानुवर्षे पेशींतील जनुकांची मोडतोड करते. बिघडलेल्या पेशीला मारणारी यंत्रणाच नष्ट होते. विषाणू ती यंत्रणा मोडत नाही, दाबून ठेवतो. किरणांचा मारा झाला की ती पुन्हा जागी होते, असे मानले जाते.

मात्र त्याच अभ्यासात, जितकी वर्षे सिगारेट ओढलेली तितका मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, विषाणू असलेल्यांतही. म्हणजे विषाणूने दिलेली सवलत तंबाखू काढून घेते. आपल्याकडे तर तंबाखू हेच मोठे कारण आहे. निदान झाल्यावरही ती सोडण्याचा फायदा होतो.

गाठीचा तुकडा तपासायला जातो, त्यावरच ‘पी-१६’ ही तपासणी करता येते. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी गाठ असेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा. पण अहवाल चांगला आला म्हणून उपचार अर्धवट सोडू नका. नेहमीच्या सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य समजले जाणारे औषध देऊन पाहिले, तेव्हा जगण्याचे प्रमाण घटल्याचे २०१८ साली दिसून आले.

रुग्णाची ताटवाटी वेगळी ठेवावी का, असे नातेवाईक हमखास विचारतात. मुळीच नको. हा विषाणू जेवणातून पसरत नाही. घशात तो मुख्यतः मुखमैथुनातून पोहोचतो. बहुतेकांचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत हुसकावून लावते. त्यावरील लस संसर्गापूर्वी उपयोगी पडते; झालेली गाठ तिने बरी होत नाही.

मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा सुजलेला टॉन्सिल, गिळताना त्रास किंवा एका कानात ठणका तीन आठवड्यांहून अधिक राहिला, तर गुळण्या करीत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.