जुन्या जीपची घरघर : निदान आणि उपचार

साताऱ्याहून मेढ्यामार्गें महाबळेश्वरास जाणारा रस्ता वेण्णेच्या खोऱ्यांतून वर सरकतो आणि पुढें केळघरचा घाट चढतो. मेढा हें जावळी तालुक्याचें मुख्य ठिकाण. आसपासच्या वाड्यावस्त्या डोंगरउतारांवर पसरलेल्या आहेत, आणि पावसाळ्यांत तिकडील कच्च्या वाटा निसरड्या होतात. अशा वाटेवर चारही चाकांना जोर पुरविणारी गाडी फार उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धांत ही जीपगाडी जगाला परिचित झाली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ सालीं महिंद्र अँड महिंद्र हें नांव धारण केलेल्या कंपनीनें विलिस जीप मुंबईंत जोडण्यास आरंभ केला, आणि ती आपल्याकडील रस्त्यांवर रुळली. तिच्या वंशांतील गाड्या आजही एका हातून दुसऱ्या हातीं जातात, आणि गांवच्या घरीं जाण्यायेण्यासाठीं शहरांतील कुटुंबेंही त्या विकत घेतात.

गाडी घरीं आल्यावर थोड्याच दिवसांत बहुधा एक तक्रार उद्भवते. विशिष्ट वेगाला पायाखालून घरघर ऐकूं येते आणि बैठक थरथरूं लागते. कोणी म्हणतो, जुनी गाडी, ती घरघरणारच. दुसरा तत्काळ गिअरबॉक्स खोलावयास सांगतो. पहिल्याची बेफिकिरी घाटांत जिवावर बेतूं शकते. दुसऱ्याची घाई विनाकारण खिसा रिकामा करते.

निदानासाठीं जोराचा मार्ग ध्यानांत घ्यावा. एंजिनाचा जोर क्लच व गिअरबॉक्स यांतून ट्रान्स्फर केसमध्यें येतो. तेथून एक लांब दांडा मागें व एक पुढें जातो. या दांड्यांस प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. प्रत्येक दांडा आपापल्या डिफरन्शिअलला फिरवितो, आणि तेथून जोर चाकांस मिळतो. या मार्गांतील प्रत्येक भागाची फिरण्याची गति निराळी असते, आणि तीच दोषाचा पत्ता सांगते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी मिनिटाला १,००० मीटर कापते. चाकाचा घेर सुमारें २·२ मीटर धरला तर चाक सेकंदाला सात-आठ फेरे घेतें. डिफरन्शिअलचें प्रमाण सुमारें चारास एक असल्यास प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेळांत तीसएक फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष सावकाश हिसक्यांच्या रूपानें स्टेअरिंगमध्यें किंवा बैठकींत जाणवतो. दांड्याचा दोष मात्र दाट गुणगुणीच्या रूपानें तळांतून येतो.

परीक्षेसाठीं सपाट, सरळ व निर्मनुष्य रस्ता निवडावा. घाटाच्या उतारावर हे प्रयोग कदापि करूं नयेत. कंप ज्या वेगाला येतो त्या वेगास गाडी नेऊन क्षणभर गिअर न्यूट्रलमध्यें टाकावा. एंजिन मंद झालें तरी कंप तसाच राहिला, तर दोष एंजिनांत किंवा क्लचमध्यें नसून पुढच्या भागांत आहे. ॲक्सलेटर दाबतांना व सोडतांना आवाजाचा सूर पालटत असेल, तर डिफरन्शिअलच्या दांत्यांचा संशय घ्यावा. उजवीकडे वळतांना वजन डाव्या चाकांवर येतें. त्या वेळीं घरघर वाढली, तर डाव्या बाजूचें चाकाचें बेअरिंग तपासावें. गाडी सुटतांना खालून ‘खट्ट’ असा आवाज आला, तर शाफ्टच्या सांध्यांतील क्रॉस झिजला असल्याचा संभव आहे.

उपचाराचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रथम चाकांच्या आंतील बाजूस वाळून बसलेला चिखल खरवडून काढावा. जांभ्या दगडाच्या प्रदेशांतील लाल माती रिमला घट्ट चिकटते, आणि तेवढ्यानेंही चाकाचा तोल बिघडतो. चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे आहेत कीं नाहींत, तें पाहावें. पुढचीं चाकें मागें लावल्यावर हिसक्यांची जागाही बदलली, तर दोष चाकांतच सांपडला. नंतर डिफरन्शिअलचें तेल थोडें काढून पाहावें. बारीक करडा गाळ ही नेहमींची झीज होय. धातूचे कपचे निघाले, तर मात्र तो भाग उघडणें प्राप्त आहे.

मग शाफ्टकडे वळावें. त्याच्या टोकांचा सांधा इटलींतील कार्डानो आणि इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यांच्या नांवांनीं ओळखला जातो. सांधा तिरका असतां एका बाजूची गति एकसारखी असली, तरी दुसऱ्या बाजूची प्रत्येक फेऱ्यांत दोनदां वाढते व दोनदां घटते. दुसऱ्या टोकाचा सांधा ही विषमता नाहींशी करतो. पण त्यासाठीं दोन्ही टोकांचे कोन सारखे असावे लागतात आणि शाफ्टवरील दोन्ही कांटे एका पातळींत यावे लागतात. शाफ्ट काढून पुन्हां बसवितांना सरकता सांधा एक दांता चुकला, तरी गाडी थरथरूं लागते. त्यासाठीं नवा भाग नको. खूण जुळवून शाफ्ट नीट बसविला कीं काम झालें. गाडी उंच करण्यासाठीं जादा पाटे घातले असल्यास कोन बिघडतात. क्रॉसच्या टोपीभोंवतीं गंजासारखी तांबडी भुकटी दिसली, तर आंतील ग्रीस संपून सुया झिजल्या आहेत असें समजावें. असा क्रॉस त्वरित बदलावा. तो घाटांत तुटला, तर सुटलेला दांडा काय अनर्थ करील हें सांगावयास नको.

कांहीं घरघर मात्र दोषाची नसून वापराची असते. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांब मार्ग कापतात. जुन्या धर्तीच्या गाडींत ‘फोर व्हील’ लावल्यावर पुढच्या-मागच्या शाफ्टांची गति एकत्र बांधली जाते. चिखलांत चाकें घसरून हा ताण निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो सांध्यांत व दांत्यांत सांचतो, आणि गाडी अडखळत गुरगुरते. तेव्हां चिखल संपतांच फोर व्हील सोडावें.

शेवटीं एक सावधगिरी. विलिसच्या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील बाजूस असतो. मागील शाफ्ट काढला कीं तो ब्रेक चाकांना धरूं शकत नाहीं, आणि उतारावर उभी असलेली गाडी खालीं काम करणाऱ्याच्या अंगावर येऊं शकते. म्हणून बोल्टाला हात लावण्यापूर्वीं गाडी सपाट जागीं घ्यावी, चाकांना दगडाची किंवा लांकडाची उटी लावावी, आणि केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीही खालीं शिरूं नये.

एका वेळीं एकच बदल करावा, पुन्हां त्याच रस्त्यावर त्याच वेगानें गाडी चालवावी आणि फरक वहींत टिपून ठेवावा. दोन भाग एकदम बदलले, तर गुण कशानें आला हें कळत नाहीं. इतकी नोंद घेऊन मालक मेस्त्रीकडे गेला, तर मेस्त्रीचें काम सोपें होतें, मालकाचा खर्च वांचतो, आणि घाट चढणाऱ्या कुटुंबाचा प्रवास निर्धास्त होतो.