थारचं नाक किती वर?

सेकंड हँड थार घेतली की पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या पार्किंगमध्ये कुणीतरी विचारतंच, "काय बे, पुढून बसल्यासारखी का दिसतेय?" मग गॅरेज गाठलं जातं. तिथं उत्तर तयार असतं. "दोन बोल्ट आवळायचे. दहा मिनिटांचं काम."

आमच्या एका मित्रानं ते दहा मिनिटांत करून घेतलं. नाक दोन इंच वर. फोटो झकास आले. पण महिन्याभरात अक्कलकोट रोडवर स्टिअरिंग आपोआप एका बाजूला जाऊ लागलं आणि पुढचे टायर एकाच कडेनं घासून निघाले.

ते बोल्ट नक्की काय करतात, हे आधी समजून घ्या. 2010 ते 2020 या काळातल्या थार सीआरडीईला मागे पाटे आहेत, पण पुढे वेटोळ्यांची स्प्रिंग शोधून सापडणार नाही. तिथं टॉर्शन बार आहे, म्हणजे चॅसिसच्या लांबीत बसवलेली पोलादी कांब. एक टोक चाकाच्या आर्मला, दुसरं चॅसिसला. आपली सोलापुरी चादर धुऊन पिळताना तुम्ही एक टोक घट्ट धरता आणि आई दुसरं फिरवते. तिनं हात सोडला की चादर गर्रकन उलटी फिरते. पुढची गाडी पेलते ती हीच पिळाची ताकद. चॅसिसकडच्या टोकाला बोल्ट असतो. आवळला की ती बाजू वर, सोडला की खाली. (1934 च्या सित्रोएन ट्रॅक्शन अवांत या फ्रेंच मोटारीलाही टॉर्शन बारच होते. 2020 च्या नव्या थारला मात्र पुढे कॉइल स्प्रिंग आली, तिथं हा बोल्ट शोधत बसू नका.)

बोल्ट दिलाय तो वर्षानुवर्षं वजन वाहून खचलेली, किंवा एका अंगाला कललेली गाडी मूळ उंचीवर आणायला. आवळल्यानं बार 'कडक' होतो, हा गैरसमज आहे. बदलते ती फक्त चाकाची बसण्याची जागा. चाकाला वर-खाली जायला मिळणारं एकूण अंतर तेवढंच राहतं. नाक जितकं वर, तितकं चाकाला खाली जायला अंतर कमी. म्हणून खड्डा आला की चाक खाली उतरायच्या आत आर्म रबराच्या अडणीवर आपटतो आणि 'धाड' असा आवाज येतो. बॉल जॉइंट तिरके होतात, पुढच्या शाफ्टचे रबरी बूट ताणून फाटतात, मग आत धूळ. आणि एवढं करून हाती काय? मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथंच राहतो. शेतातल्या दगडाला तोच आधी भेटणार.

तरीही गाडी खरंच खचली असेल तर आधी बुश झिजलेत का ते बघा. मग सपाट फरशीवर गाडी लावा, टायरची हवा सारखी करा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा. बोल्टवर रंगाची खूण करा. पुढची बाजू जॅकवर घेतली की खाली स्टँड लावाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. एका वेळी अर्धा फेरा, आणि फेरे मोजत. गाडी उतरवा, थोडी फिरवून आणा, पुन्हा मोजा. शेवटी व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय हायवेला जाऊ नका. हेडलाइटही खाली करून घ्या, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

कंपनीनं दिलेल्या मर्यादेत बोल्ट फिरवणं वेगळं आणि लिफ्ट किट बसवणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वरून सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल चालणार नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मित्रानं शेवटी बोल्ट सोडवायचे ठरवले. पण किती? आधीचं माप कुणी घेतलंच नव्हतं. त्याच सालची दुसरी थार शोधून तिच्या मडगार्डला टेप लावावा लागला. टायर मात्र नवेच घ्यावे लागले.