पिलू आणण्याआधी



कुत्रा इमानी प्राणी आहे, हे आपण सर्वांनी निबंधात लिहिले आहे. मीही लिहिले आहे. पण कुत्र्याचे पिलू निवडायचे कसे आणि सांभाळायचे कसे, हे निबंधात नसते. ते मला माझ्या चुकीमुळे कळले. म्हणून हा लेख लिहीत आहे.

मागच्या वर्षी मी तिसरीत होते. मळ्यात कडब्याच्या गंजीजवळ एक कुत्री व्याली. तिला पाच पिले झाली. पिलांचे डोळे जन्मानंतर दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. ही पिले नुकतीच बघायला लागली होती. मला राहवले नाही. एक काळे पिलू दप्तरात घालून मी घरी आणले. त्याचे नाव काळू ठेवले. वाटीने गाईचे दूध पाजले. रात्रभर ते कुईकुई करत होतं. तिसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली आणि चौथ्या दिवशी सकाळी बघते तर ते गार पडलेलं. मी खूप रडले. आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाळा, तू त्याला आईपासून तोडलंस."

नंतर आमची गाय तपासायला गुरांचे डॉक्टर आले, तेव्हा मी त्यांना विचारले. ते म्हणाले, एवढ्या लहान पिलाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. ते आईला आणि भावंडांना चिकटून ऊब घेते. कुत्रीचे दूध गाईच्या दुधापेक्षा खूप दाट असते. पिलू निदान दोन महिने आईजवळ राहिले पाहिजे. शिवाय पिले खेळताना एकमेकांना चावतात. जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ बंद होतो. त्यातून पिलू हळू चावायला शिकते.

यंदा तीच कुत्री पुन्हा व्याली. मी दोन महिने वाट पाहिली. शाळेतून येताना लांबूनच बघून यायची. मग डॉक्टरांनी सांगितले तसे मी पिलू निवडले.

१. डोळे स्वच्छ हवेत. डोळ्यांतून चिकट पाणी आणि नाकातून शेंबूड नको.
२. हिरड्या गुलाबी हव्यात.
३. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले नको. तसे असले तर बहुतेक जंत असतात.
४. चुटकी वाजवली की जवळ यावे. सारखे कोपऱ्यात लपणारे किंवा अंगावर येणारे नको.

पुण्याला माझ्या मावशीकडे पांढरा पॉमेरेनियन आहे. दिसतो छान, पण त्याचे केस सारखे विंचरावे लागतात आणि उन्हाळ्यात तो फार धापा टाकतो. आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड असतात. त्याला आपले ऊन सोसते. आमचे घर दोन खोल्यांचे, म्हणून मी लहान चणीचे तांबडे पिलू घेतले. पण ती मादी निघाली. वडील म्हणाले, "कुत्री नको. वर्षाला दोनदा पिलांचा ताप." आमच्याकडे सगळे कुत्राच मागतात आणि मादी पिले कुणीतरी पिशवीत घालून ओढ्याला सोडून येतं. मी वडिलांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की तिचे ऑपरेशन करता येते, मग पिले होत नाहीत. वडील जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चल, घे तिला." तिचे नाव चिंगी.

आता सांभाळण्याविषयी. लहान पिलाला थोडे थोडे तीनचार वेळा खायला द्यावे. आम्ही भाकरी कुस्करून, भात आणि कधी उकडलेले अंडे देतो. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुके देऊ नयेत. कुत्र्याला ते विषासारखे आहे. शिजवलेल्या कोंबडीची हाडेही नकोत. त्यांच्या कपच्या घशात टोचतात. ताटलीत पाणी कायम हवे, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून अंग थंड करते. जंताचे औषध डॉक्टरांना विचारून द्यावे आणि कानात गोचीड आहे का ते रोज बघावे.

आमच्या जुन्नर भागात उसात बिबट्या असतो. तो कुत्री उचलून नेतो. म्हणून चिंगी रात्री बाहेर नसते. आमच्या पडवीला दार आहे, तिथे ती बारदानावर झोपते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेबीजची लस. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली सुई, पुढची डॉक्टर सांगतील त्या तारखेला आणि मग दरवर्षी. चिंगीचे कार्ड आमच्या रेशनकार्डाबरोबर ठेवले आहे. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. गुरुजींनी सांगितले, फ्रान्समध्ये १८८५ साली लुई पाश्चर यांनी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका मुलाला लस दिली आणि तो वाचला. तो नऊ वर्षांचा होता, म्हणजे आपल्यापेक्षा लहान!

कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले तरी घरी लपवू नका. "पिलूच आहे, काय होतंय" असे म्हणू नका. मिरची, चुना, हळद लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा. आजोबा सांगतात, पूर्वी पोटात चौदा सुया घ्यायचे. आता तसे नाही. दंडात देतात. पण सांगितलेल्या सगळ्या तारखांना जायचे.

कुत्रा बारा वर्षे किंवा जास्तही जगतो. चिंगी बारा वर्षांची होईल तेव्हा मी बावीस वर्षांची असेन. पिलू आणण्याआधी एवढा हिशेब करा. तो जमत नसेल तर पिलाला त्याच्या आईजवळच राहू द्या.

मी काळूचा हिशेब केला नव्हता.

— इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी